देव माझा हेल्पर होता तेव्हा

"पाणी? छातीत पाणी? डॉक्टर, मी काय रामकुंडात बुडून आलोय?"

असा मी ओरडत होतो, आणि ओरडता ओरडता मला इतका खोकला आला की डॉक्टरांच्या टेबलावरचा स्टेथोस्कोप घरंगळत खाली पडला. मला तरी तसंच आठवतं. माझी बायको करुणा म्हणते, तो त्यांच्या गळ्यातच होता. पण आजारी मी होतो, ती नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "शमुवेलराव, ह्याला प्लुरल इफ्यूजन म्हणतात. फुप्फुसाभोवती पिशवीसारखं आवरण असतं, त्यात पाणी साचलंय. उजवी बाजू निम्मी भरलीय. आजच भरती व्हा."

"कशामुळे झालं?"

"बहुतेक टीबी. पाणी काढून तपासू, मग नक्की सांगतो."

'बहुतेक' हा शब्द मी चिमट्यात पकडला. सातपूरच्या एका कारखान्यात मी फिटर. मशीन कायमचं बसलंय हे मालकाला तोंडावर सांगायचं नसलं की आम्हीही म्हणायचो, "बहुतेक बेअरिंग असेल." तेव्हाच मी ओळखलं, हा माणूस काहीतरी लपवतोय.

सत्तरच्या दशकाच्या अखेरची ही गोष्ट. महिनाभर रोज संध्याकाळी ताप यायचा. कोरडा खोकला. दीर्घ श्वास घेतला की बरगडीत कुणी स्क्रू ड्रायव्हर फिरवतंय असं वाटायचं. मी लक्ष दिलं नाही. तुमच्यापैकी कुणाला असं होत असेल तर हे वाचणं इथेच थांबवा आणि आधी छातीचा फोटो काढून या. मी कुठे पळून जात नाही.

मी लक्ष दिलं नाही, कारण नाताळ तोंडावर आला होता. आमच्या मंडळीत नाताळच्या उपासनेला पेटी माझी आणि गाणंही माझं. मी देवळात वरचा सूर लावला की बाहेर बसचे ड्रायव्हर ब्रेक मारायचे. माझ्यानंतर नंबर योसेफचा. त्याचा आवाज म्हणजे तेल न घातलेली बिजागरी. मी आडवा झालो तर प्रभूचा जन्म योसेफच्या आवाजात ऐकायची वेळ खुद्द देवावर येणार होती. म्हणजे मी लवकर बरं होणं ही देवाचीसुद्धा गरज होती, असा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी पाणी काढलं. ह्याला प्लुरल टॅप म्हणतात. खाटेच्या कडेला बसवतात, पुढे उशीवर वाकवतात, पाठीची जागा बधिर करतात आणि बरगड्यांच्या मधून सुई घालतात. सुई? पहार होती पहार! आणि पाणी आलं ते असं, की गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले असतील. करुणाने बाटली पाहिली होती. ती म्हणते, दुधाच्या बाटलीपेक्षा थोडी मोठी. असो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, फक्त त्या वेळी खोकायचं नसतं. आणि अर्थातच नेमका तेव्हाच खोकला येतो.

रिपोर्ट यायला वेळ होता. मी खाटेवर बसून प्रार्थना सुरू केली. मोठ्याने. एवढ्या मोठ्या वॉर्डात देवाला ऐकू जायला नको का? "प्रभू, गुरुवारपर्यंत ताप उतरव. नाताळाआधी घरी सोड. योसेफच्या हातात पेटी जाऊ देऊ नकोस. आमेन." सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि नर्स इंजेक्शन घेऊन आली की एक जादा.

शेजारच्या खाटेवर पेठकडचा हिरामण होता. डोंगरात नागली पिकवणारा माणूस, अंगाने काटकुळा, आजार माझाच पण जास्त मुरलेला. त्याची बायको पोरांसाठी गावी परतली होती. तो दिवसभर छताकडे बघत पडायचा आणि माझ्या प्रार्थना ऐकायचा. एकदा म्हणाला, "दादा, एक इचारू?"

"विचार."

"तुमच्या देवाला तुमच्याबिगर दुसरं काम नाय का?"

मी कूस बदलली. ह्या माणसाला कुणीतरी पढवून ठेवलंय, अशी मला शंका आली.

त्याच संध्याकाळी आमच्या देवळाचे पाळकसाहेब भेटायला आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली. मी कान टवकारून वाट बघत होतो, आता म्हणतील 'ह्याला बरं कर'. तर ते म्हणाले, "प्रभू, आमची नव्हे, तुझी इच्छा पूर्ण होवो." आणि आमेन. संपलं!

मी एक डोळा किलकिला करून करुणाकडे पाहिलं. ती डोळे पुसत होती.

झालं, सगळं उघड झालं. डॉक्टरांनी पाळकांना सांगितलंय, पाळकांनी करुणाला सांगितलंय, फक्त मला कुणी सांगत नाही. त्यानंतर पुरावे नुसते रांगेने येत गेले. करुणाने शेवयांची खीर आणली, तीही बेदाणे घालून. कारखान्याचा सुपरवायझर भेटायला आला, जो मला पाहून आयुष्यात कधी हसला नव्हता तो हसला. डॉक्टर माझा चार्ट बघून नर्सशी इंग्रजीत बोलले. आणि योसेफ मोसंबी घेऊन आला. योसेफ! मोसंबी!

पुढच्या भेटीला मी पाळकसाहेबांचा हातच धरला. "साहेब, सरळ सांगा. डॉक्टरांनी मला किती दिवस दिलेत?"

"कोण म्हणालं तुला?"

"तुम्हीच. 'तुझी इच्छा' म्हणालात. माणूस जाणार असला की असंच म्हणतात."

पाळकसाहेब स्टुलावर बसले. "शमुवेल, तुझं लग्न मीच लावलं. त्या दिवशीही हीच प्रार्थना केली होती. तेव्हा नाही घाबरलास?"

करुणा पदर तोंडावर धरून हसली. मग म्हणाली, "अहो, मी रडत होते कारण ताप उतरत नव्हता. आणि खीर तुम्हीच मागितली होती. ग्लानीत."

"बरं, तू काय मागतोस ते सांग," पाळक म्हणाले.

मी सांगायच्या आत पलीकडून हिरामणनेच माझी प्रार्थना म्हणून दाखवली. गुरुवार, नाताळ, पेटी, सगळं पाठ.

पाळकसाहेबांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कारखान्यात तुझ्या हाताखाली हेल्पर असतो ना? हात पुढे केला की पाना, हात पुढे केला की ग्रीस. तू देवाला हेल्पर ठेवलंयस. आणि वर पाळीही तूच लावून देतोस."

मी रागाने भिंतीकडे तोंड केलं. ते गेल्यावर मात्र म्हटलं, बघू तरी म्हणून. "प्रभू, तुझी..." पुढे जीभ वळेना. मी शूर माणूस, चालत्या पट्ट्यात हात घातलेला. पण ते दोन शब्द म्हणवेनात. म्हटले आणि त्याने ते खरे धरले तर? मग कळलं की माझा संशय डॉक्टरांवर नव्हता, पाळकांवर नव्हता, खिरीवर तर मुळीच नव्हता. ज्याच्यासाठी मी वीस वर्षं गात होतो, त्याच्यावरच माझा भरवसा नव्हता. त्याच्या हातात मी गाणं दिलं होतं. छाती नव्हती दिली.

रिपोर्ट आला, टीबीच निघाला. पण गुरुवारी नव्या फोटोत पाणी पुन्हा भरलेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले, "परत काढावं लागेल. जीव वाचेल, त्याची काळजी नको. पण फुप्फुस पूर्वीसारखं पूर्ण फुगेल की नाही, आज सांगता येत नाही."

पूर्ण फुगणार नाही म्हणजे वरचा सूर गेला. ह्या वेळी मला ओरडावंसंही वाटलं नाही.

त्या दिवशी माझी प्रार्थना झाली नाही. दुपारी हिरामण म्हणाला, "दादा, आज बोलत नाय? मला सवय लागली ना. माझ्यासाठी तरी सांगा काहीतरी. पोरं बारकी हायेत."

नाइलाज होता. मी हळू आवाजात त्याच्यासाठी मागितलं. त्याचा ताप, त्याची पोरं, त्याची डोंगरावरची नागली. आमेन म्हटल्यावर ध्यानात आलं, ह्या अख्ख्या प्रार्थनेत मी कुठेच नव्हतो. असं माझ्या हातून पहिल्यांदाच झालं होतं.

आणि काय सांगू, हिरामणचा ताप उतरला! त्याला माझ्याआधी घरी सोडलं. माझ्या नावाचं पार्सल देवाने बाजूच्या खाटेवर उतरवलं, असं मला स्पष्ट वाटलं, आणि त्याबद्दल मी एक दिवस देवाशी बोललो नाही. पण हिरामण जाताना पिशवी काखेत धरून इतका तुरुतुरु चालत गेला की मला हसू फुटलं.

दुसऱ्यांदा पाणी काढायला मला उशीवर वाकवलं. पहार पाठीत शिरली. तेव्हा मी म्हटलं, "तुझी इच्छा." भीती गेली नव्हती, तरी म्हटलं. प्रकाशबिकाश काही पडला नाही. फक्त खोकला आला नाही.

मला घरी सोडलं ते नाताळच्या आदल्या दिवशी, पण देवळात जायला सक्त मनाई. पुढे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं आणि गोळ्या, दीड वर्ष. बरं वाटायला लागलं की लोक गोळ्या सोडतात. तुम्ही सोडू नका. ज्यांनी मला टोचलं, उचललं, धुतलं, त्या सगळ्यांचं भलं होवो. माझं फुप्फुस पुन्हा फुगलं, पण पूर्ण नाही. आता माझ्या सुराला बस थांबत नाहीत, एखादी सायकल थांबते.

त्या नाताळला मी ब्लँकेट गुंडाळून घरी बसलो होतो. करुणा देवळातून परतली. पेटी योसेफने वाजवली होती, गायलाही तोच होता. ती चपला काढेपर्यंतही मला धीर धरवला नाही. मी विचारलं, "काय गं, माझ्याशिवाय देवाचा नाताळ कसा झाला?"

"छान झाला. गोळी घेतलीत का?"