पिवळी सुकेळी

सुकेळी तपकिरी असतात हे मला पक्कं माहीत होतं, तरी विकायला काढताना मी फोटोत ती पिवळी केली.

ज्यांनी सुकेळी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो. राजेळी केळी चांगली पिकू द्यायची, सोलायची आणि बरेच दिवस उन्हात वाळवायची. ती आकसतात, चिकट होतात आणि काळपट तपकिरी पडतात. चवीला विचाराल तर मधाने मान खाली घालावी. दिसायला विचाराल तर जुन्या चपलेचा अंगठा. वसईची ही एवढी मोठी मिरास, पण तिला रूप नाही.

नोकरीतून वेळेआधी मोकळा झाल्यावर मी दोन दिवसांचा एक ऑनलाइन वर्ग केला होता. विषय, ग्राहकाचा ब्रँडवर विश्वास कसा बसवावा. शिकवणारा माझ्या पुतण्याच्या वयाचा होता आणि दर वाक्याला मला ‘सर’ म्हणत होता, त्यामुळे माझा त्याच्यावर लगेच विश्वास बसला. तो म्हणाला, विश्वास आधी डोळ्यांना बसतो, मग जिभेला. मी हे वाक्य वहीत दोनदा अधोरेखित केलं आणि वर्ग संपताच फोनवर सुकेळ्यांच्या फोटोचा रंग बोटाने उजवीकडे सरकवत नेला. थांबलो तेव्हा सुकेळी लग्नातल्या हळदीच्या नवरीसारखी दिसत होती.

माल वसईजवळच्या सांडोर गावातल्या काकींचा. वसईच्या बाजारात दरवर्षी त्यांच्याकडून सुकेळी घ्यायचो, ओळख तेवढीच. वय साठीचं, घरामागे केळी-भाजीची वाडी. घरात त्या आपल्या बोलीत बोलतात, त्यातलं मला निम्मं कळतं. माझ्याशी मात्र नीट पुस्तकी मराठी, तलाठ्याशी बोलावं तसं. त्यांचा सगळा माल बाजारातला एक दुकानदार वर्षानुवर्षं उचलत आला होता. मी म्हटलं, काकी, यंदा त्याला नाही म्हणा, अख्खा माल मी विकतो, ठाण्या-पुण्यापर्यंत.

“नक्की ना, भाऊ?” त्या म्हणाल्या. “पाऊस लागला की यांना ओल धरते. मग गुरंही तोंड लावत नाहीत.”

हे त्यांनी तीनदा विचारलं आणि मी तीनदा नक्की म्हटलं. त्यांनी दुकानदाराला तसा निरोप धाडला. त्याला फार राग आला असं ऐकलं.

फोटो मी विक्रीच्या ऑनलाइन पानावर चढवला आणि पहिल्या आठवड्यात ऑर्डरी धडाधड आल्या. विरारला चंदनसारच्या आमच्या दोन खोल्यांत खोकीच खोकी. बायको सोफ्यावर बसायची जागा शोधत फिरायची. घरभर मुंग्या झाल्या. आमच्या ब्रँडवर पहिल्या दिवसापासून निखळ विश्वास ठेवला तो त्यांनीच.

पानावर अभिप्राय हवेत, असंही त्या वर्गात शिकवलं होतं. ग्राहकांनी अजून काही लिहिलं नव्हतं, म्हणून मी मेव्हण्याला कामाला लावलं. तो मनवेलपाड्यात राहतो आणि विरार-वसईतली खोकी स्कूटरवरून तोच पोचवत होता. त्याने एका काल्पनिक गृहिणीच्या नावाने सुकेळ्यांबद्दल एक ओळ लिहिली आणि पुढे तीन ओळी लिहिल्या की माल घेऊन आलेला तरुण अत्यंत नम्र, देखणा आणि वेळेचा पक्का होता. तो बेचाळीसचा आहे. वेळेचा पक्का तर तो स्वतःच्या लग्नातही नव्हता.

मग खरे अभिप्राय आले. काळा माल. जुना माल. फोटोत एक, खोक्यात दुसरंच. वसईतल्याच एका आजोबांनी उलट्या बाजूने धरलं. असली पिवळी सुकेळी म्हणजे अर्धी कच्ची, आठवड्यात आंबतील, कुणी घेऊ नका, असं त्यांनी ठळक लिहिलं. म्हणजे ज्यांना सुकेळी माहीत नव्हती त्यांना माल खोटा वाटला आणि ज्यांना माहीत होती त्यांना फोटो. दोन्हीकडून मार खाणारा ढोल मी प्रथमच पाहत होतो, तोही आरशात.

मी लगेच एक उत्तर तयार केलं. आपला विश्वास हीच आमची पुंजी, झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत, वगैरे. ते प्रत्येक अभिप्रायाखाली डकवत गेलो. दादरच्या एका बाईंनी ‘चव छान आहे’ एवढंच लिहिलं होतं. त्यांच्या मनस्तापाबद्दलही मी दिलगिरी व्यक्त केली. त्यांनी आपला अभिप्राय काढून टाकला.

खोकी परत येऊ लागली. मे महिना उतरणीला लागला होता. अर्ध्याहून जास्त माल अजून काकींच्या घरी पत्र्याच्या डब्यांत पडून होता आणि दुकानदार तोंड फिरवून बसला होता. बायको म्हणाली, काकींना जाऊन सांगा. मी म्हटलं, उद्या. असे चार उद्या झाल्यावर तिने परत आलेली खोकी स्वतः माझ्या स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी रचून दिली.

सांडोरला पोचलो तेव्हा काकी ओट्यावर पालकाच्या जुड्या बांधत होत्या. मी सगळं सांगितलं, म्हणजे फोटो सोडून सगळं. लोकांना आजकाल कळत नाही, शहरी जीभ बिघडली, असा सूर लावला. त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या, काय दाखवलंत ते बघू. फोन त्यांनी दूर धरला, मग जवळ धरला.

“ही कोणाची?”

“तुमचीच, काकी.”

“माझी नव्हेत,” असं म्हणून त्यांनी फोन परत दिला. मग विचारलं, सगळ्यात वाईट कोण बोललं. ठाण्याच्या एक बाई होत्या, त्यांनी ‘फसवणूक’ असा शब्द वापरला होता. त्यांना फोन लावा, काकी म्हणाल्या. मी म्हटलं, आधी काय बोलायचं ते ठरवू या. लावा, त्या पुन्हा म्हणाल्या. मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

काकींनी माफी मागितली नाही. सांडोरहून बोलते, सुकेळी मी वाळवली, एवढीच ओळख दिली आणि म्हणाल्या, खोकं अजून घरात असेल तर एक सुकेळं घ्या, मधोमध फाडा आणि खिडकीशी धरा. आत मधासारखा रंग दिसला तर खा, नाही दिसला तर परत पाठवा, माझ्या दारात ठेवून घेईन. पलीकडे खडखड झाली, मग तोंडात घास असलेल्या माणसाचा आवाज आला.

“हे चांगलं आहे हो. मग फोटोत पिवळं का दाखवलंत?”

“ते ज्याने केलं तो इथेच बसलाय,” काकी म्हणाल्या आणि फोन माझ्याकडे सरकवला.

वर्गात याचं उत्तर शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, बाई, मला वाटलं तपकिरी बघून कुणी घेणार नाही. बाई म्हणाल्या, मग तसं लिहा ना. आणि ते देखण्या तरुणाचं काढून टाका, वाचून माझ्या सुनेला हसू आवरत नाही.

त्याच ओट्यावर बसून मी नवा फोटो काढला. फाडलेलं सुकेळं आणि मागे पालकाची जुडी, रंगाला बोट न लावता. खाली लिहिलं की सुकेळी अशीच असतात, आधीचा फोटो मी पिवळा केला होता, काकींना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. लोक मनसोक्त हसले. एकाने विचारलं, पुढच्या वेळी कारलं लाल करणार का. पण हसता हसता मागवूही लागले. खोकी परत पाठवणाऱ्यांपैकी काहींनी पुन्हा घेतली, काहींनी आजतागायत घेतलेली नाहीत. वसईच्या आजोबांनी ‘आता बरोबर’ एवढंच लिहिलं. उरलेला माल जूनच्या तोंडावर त्या दुकानदाराने उचलला, कमी भावाने आणि काकींना दहा शब्द ऐकवून. त्यातले निदान आठ माझ्यासाठी होते.

दिवाळीआधी मी पुन्हा सांडोरला गेलो. पुढच्या मोसमाचा माल मला मिळणार का, हे विचारायला धीर गोळा करत निम्मा चहा संपवला. मग म्हटलं, काकी, आता लोकांचा आपल्यावर विश्वास बसलाय. या वेळी आपण दोघं मिळून व्हिडिओ करू, तुम्ही सुकेळी दाखवा, मी ब्रँडबद्दल चार शब्द बोलतो.

काकींनी कपबशी उचलून आत नेली, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “माल देईन. लोकांशी बोलायचं ते मी बोलेन. तुम्ही खोकी बांधा, आणि तीही नीट बांधा, टेप वाकडी लावता.”