पडदेकाकांकडची नाच बसवणारी माणसं

पडदेकाकांनी आयुष्यात कुणाच्या नाचाला टाळी वाजवली नाही. वाजवणार कशी? दोन्ही हातांत पडद्याची दोरी. नाटकांना पडदे आणि दिवे भाड्यानं द्यायचा त्यांचा सोलापुरात धंदा होता. नाचातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, असं ते अभिमानानं सांगत. तरीही त्या सत्तरच्या दशकात दरवर्षी दिवाळी झाली की एका शाळेच्या हॉलमध्ये ते नव्या नाचांचा महोत्सव भरवत. नाच ज्याचा त्यानं बसवलेला पाहिजे, एवढीच अट. गुरूनं शिकवलेला चालायचा नाही, सिनेमातला तर नाहीच नाही. "शिकवल्यालं दाकवायला लई जागा हायत," ते म्हणत. "ज्येला कुटंच जागा न्हाय, त्येनं हितं यावं."

जागा नसलेल्यांत मी पहिला. मी स्वतःला नृत्यदिग्दर्शक म्हणवून घेत असे. दिग्दर्शन करायला माझ्या हाताखाली माझ्याशिवाय कुणीच नव्हतं, ही गोष्ट वेगळी. आम्हा मंडळींना तालमीसाठी काकांचं गोदाम मोकळं असे आणि जेवायला काकूंच्या हातची भाकरी नि शेंगाचटणी. तालीम चालू असताना काका आमच्याकडे पाठ करून पडद्याच्या कड्या शिवत बसत. मी एकदा म्हटलं, "काका, बघा तरी!"

"बगितलं की मत हुतं, आन् मत झालं की त्वांड उघडतंय. आदी तुझं हू दे की."

माझी प्रतिभा त्यांना झेपत नसावी, असा मी अर्थ काढला.

प्रेक्षक म्हणजे गिरणीची पाळी सुटून आलेली माणसं, त्यांच्या बायका, शेजारपाजार. नाच संपला की नाचणाऱ्यानं तिथंच बसायचं आणि लोकांनी प्रश्न विचारायचे, ही काकांची पद्धत. विणकर घरातल्या एका तेलुगू मुलीनं मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या हालचालींतून नाच बसवला होता, तेव्हा समोरच्या बायकांची बोटंही तशीच हलायला लागली होती. माझ्या आधीच्या पोराला मात्र एकानं सरळ विचारलं, "ह्यो नाच हाय का फीट आलीया?" मी विंगेत मनापासून हसलो. नंतर माझीच पाळी होती.

माझ्या नाचाचं नाव 'मानवाची महायात्रा'. गुहेतून निघायचं ते थेट अणुबाँबपर्यंत. पोशाख म्हणून बहिणीची जुनी सलवार काळ्या रंगात बुडवून काढली होती आणि साथीला हलगी. वडिलांची बार्शीला धान्याची आडत होती. या महोत्सवात काही करून दाखवलं तर नाच, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून आडतीच्या गादीवर बसायचं, असा आमचा करार झाला होता. निकाल द्यायला ते स्वतः येऊन दुसऱ्या रांगेत बसले होते, मांडीवर टोपी काढून.

बाँब पडला. मी दोन्ही हात पसरून ताठ उभा राहिलो. नाचाचा शेवट मी बसवलाच नव्हता. तिथं पडदा पडेल, असं गृहीत धरलं होतं. पडदा पडेना. ओठ न हलवता मी विंगेकडे बघून म्हटलं, "काका, पाडा!"

"संपलं का?" काकांनी शांतपणे विचारलं.

"तुम्ही पाडलात की संपेल!"

"म्हंजे न्हाय संपलं. शेवट तुझा तू कर की."

झालं, मानव पुन्हा गुहेत शिरला आणि पुन्हा निघाला. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो परत निघाला!" हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवून बिडी शोधायला घेतली. घामानं सलवारीचा रंग उतरून पाय काळेनिळे झाले. तिसऱ्यांदा निघायचं त्राण उरलं नाही, तेव्हा मी मधोमध फतकल मारून बसलो, बाहीनं तोंड पुसलं आणि वडिलांकडे बघितलं. मला हसू फुटलं. कशाचं ते माहीत नाही, पण वडीलही हसले. पडदा तेव्हा पडला.

बाहेर वडील म्हणाले, "चला, सकाळची एसटी गाठू." काका मधे पडले. "शेटजी, पोराला बसायचं हुतं, त्ये कळाया येळ लागला. एक वरीस द्या." वडिलांनी टोपी डोक्यावर चढवली. "एकच वर्ष," ते म्हणाले. काकांचे मला तेव्हा पाय धरावेसे वाटले. पण मी फक्त त्यांनी पडदा वेळेवर पाडला नाही म्हणून भांडलो.

दुसऱ्या वर्षी मी बसूनच सुरुवात केली. उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवणारे दोन आडते, त्यांचे झाकलेले हात आणि कोरे चेहरे, एवढाच नाच. छोटा झाला आणि बरा झाला. वडिलांनी गादीचं नाव पुन्हा काढलं नाही. पुढं मी शाळाशाळांतून नाच बसवायला लागलो, पोट भरू लागलं, स्वतःचं काही करायचं राहून गेलं.

काका आजारी पडले तेव्हा मी पेढे घेऊन भेटायला गेलो. खाटेवरून त्यांनी विचारलं, "नवं काय बसवलंस?" मी म्हटलं, काहीच नाही. "मंग कशाला आलास?" म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला असा राग आला की बार्शी येईपर्यंत एसटीत मी धुमसत होतो. त्याच रागात मी नवा नाच बसवला आणि तो दाखवायला सोलापूर गाठलं, तर दारात चपलाच चपला. काका पहाटे गेले होते.

आत ती 'कुठंच जागा नसलेली' सगळी जुनी मंडळी जमली होती. कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "मी नवा नाच घेऊन आलो होतो." दुसरा म्हणाला, "मीही." विणकरांची ती मुलगी, आता दोन लेकरांची आई, घुंगरांची पिशवी पदराखाली सरकवत होती. मग कळलं, प्रत्येकालाच ते "मंग कशाला आलास?" म्हणाले होते, आणि प्रत्येकजण चिडून घरी जाऊन कामाला लागला होता. मला मात्र इतके दिवस वाटत होतं, काकांनी एवढं लागेल असं बोलावं, इतका मी एकटाच त्यांचा लाडका.

त्या वर्षीचा महोत्सव आम्हीच भरवला. इतके नवे नाच एका वर्षी कधी झाले नव्हते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, प्रश्न विचारले, आणि आम्ही एकमेकांची तोंडं चुकवत उत्तरं देत राहिलो. आम्हा सगळ्यांनाच आपला नाच एका माणसाला दाखवायचा होता, आणि आम्हा सगळ्यांनाच उशीर झाला होता.