किल्ली खिशात असताना

"अंकल लाईट चालू ठेवून विसरतात, बाकी काही नाही," बॉनेटखाली वाकलेला इलेक्ट्रिशियन दादाला म्हणाला. "वय झालं की होतं असं. आमच्या सासऱ्यांचंही तेच."

त्याने आवाज खाली घेतला होता, पण साकीनाक्याच्या त्या गल्लीत शेजारच्या गाळ्यातलं ग्राइंडर नेमकं तेव्हाच थांबलं. बाबा जवळच उभा होता. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि परत घातला.

त्या पावसाळ्यात बॅटरी उतरायची ही तिसरी वेळ. गाडी तशी फार फिरत नाही. गुरुवारी बाबा मुलुंडला जाऊन आत्याला फिजिओथेरपीला नेतो, एरवी गाडी पार्ल्याला आमच्या बिल्डिंगखाली खांबाला लागून उभी असते. आज सकाळीही किल्ली फिरवल्यावर नुसती टिकटिक झाली. वॉचमन न बोलावताच दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची जंपर केबल घेऊन आला आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "परत का हो?"

त्या "परत"चा अर्थ आमच्या घरात केव्हाच ठरला होता. दादाने मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतली होती, दुसऱ्याच दिवशीची. रिपोर्ट येईपर्यंत बाबाने गाडीला हात लावायचा नाही, हेही त्याने वाटेत सांगून टाकलं. दादा वाईट नाही. त्याला खरंच काळजी वाटते. फक्त काळजी वाटली की तो मोठ्याने बोलतो, आणि आमच्याकडे मोठ्याने बोललेलं लवकर खरं होतं.

मला बोलायला वेळ लागतो. इंग्रजी शाळेत आधी मनात अख्खं वाक्य जुळवायचं आणि मग हात वर करायचा, ही सवय लागली. घरी, मराठीतही, ती सुटली नाही. तोवर विषय पुढे गेलेला असतो.

पण बघते मी सगळं. दुसऱ्यांदा बॅटरी उतरल्यापासून बाबा गाडी लावली की लाईटच्या दांडीला हात लावून मोठ्याने म्हणतो, "लाईट बंद." उतरतो, चार पावलं जातो, मागे येऊन काचेतून परत बघतो. गेल्या गुरुवारी मी शेजारी बसले होते. "लाईट बंद" म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

गाळ्यात बसायला काही नव्हतं म्हणून मी गाडीच्या पुढ्यात, भिंतीच्या बाजूला उभी राहिले होते. तिथे बऱ्यापैकी अंधार होता. हेडलाइटखाली एलईडीचा पट्टा आहे. बाबाच्या वाढदिवसाला दादाने एका दुकानातून हौसेने बसवून आणलेला. तो विझलेलाच होता, तरी अगदीच विझल्यासारखा वाटेना. मी वाकून त्यावर दोन्ही हातांचा आडोसा केला. आत बारीक, निळसर उजेड होता.

मी बाबाकडे पाहिलं. किल्लीची साखळी त्याच्या खिशातून बाहेर लोंबत होती.

"भैया," मी म्हटलं. आवाज नीट फुटला नाही. पुन्हा म्हटलं, "हे चालू आहे."

"थोडा ग्लो राहतो मॅडम, एलईडी आहे."

"किल्ली काढल्यावर पण?"

दादा हसला. "तू कधीपासून मेकॅनिक झालीस गं?"

कान तापले माझे. तरी मी तिथून हलले नाही. म्हटलं, "एकदा बघा ना."

इलेक्ट्रिशियनने सुस्कारा सोडून बॅटरीची एक वायर सोडवली आणि बॅटरी नि वायर यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प जोडला. सगळं बंद असेल तर तो पेटायला नको. तो लख्ख पेटला.

"दरवाजा उघडाय, आतला लाईट लागला असेल," दादा म्हणाला आणि त्याने दार धाडकन लावलं. लॅम्प मंद झाला. विझला नाही.

इलेक्ट्रिशियनने हेडलाइटमागे हात घातला, एलईडीचा छोटा डबा चाचपला आणि त्याचा सॉकेट ओढून काढला. लॅम्प विझला. परत जोडला, पेटला.

"आयला, डायरेक्ट बॅटरीवर मारलंय," तो म्हणाला. "किल्लीच्या लाईनवर द्यायला पाहिजे होतं. हा डबा झोपतच नाही."

"एवढ्याशा उजेडाने बॅटरी उतरते?" दादाने विचारलं.

"एका रात्रीत नाही उतरणार. आठवडाभर उभी ठेवा, त्यात बॅटरी जुनी. मग वाट लागणारच."

दादाचा चेहरा उतरला. पट्ट्यावरची नजर काढून तो बाबाकडे वळला. "ते ठीक आहे. पण कधीतरी लाईटही राहिलेच असतील ना? उद्या दाखवून तर येऊ. तोवर किल्ली माझ्याकडे दे, बाबा."

बाबाने वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "असेल रे. राहिले असतील. मला आता नक्की सांगता येत नाही," आणि त्याचा हात खिशाकडे गेला.

साखळी वाजली. माझं वाक्य अजून जुळलं नव्हतं. शेजारचं ग्राइंडर पुन्हा सुरू झालं होतं, म्हणून मला ओरडावंच लागलं.

"देऊ नकोस, बाबा! तू लाईट बंद केले होतेस. मी शेजारी होते. मी बघितलंय."