दोन कळांमधल्या बिड्या

डोळा लागतो न लागतो अशी दुपार. मी ओसरीत खाटेवर पडलोय आणि खाली नात सारिका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतेय. बाळंतपणाला आलीय, आठवा महिना. सकाळपासून कंबर धरतेय. मीच म्हणालो, "रात्री वाटाण्याची उसळ हाणलीस ना, गॅस तो. ओवा चाव." माझ्या थापांवर गावात कुत्रंही विश्वास ठेवत नाही, नेमकी हीच तिने खरी मानली. तिची आई कारखान्यात माल द्यायला गेलीय. घरात आम्ही दोघंच.

पानं कापणाऱ्या कात्रीचा आवाज लांब जातो. मग फार जवळ येतो. बघतो तर खाटेच्या पायथ्याशी माझी बायको ठकू बसलीय, कात्री तिच्या हातात. तिला जाऊन नऊ वर्षं झालीत.

"झोपा," ती म्हणते. "पोरीला ओवा चारून झोपा खुशाल."

"अगं, तू आलीस कशी?"

"एष्टीनं. थापा काय तुम्हालाच येतात?"

हसायला जातो तर जबडा हलत नाही. ओसरीच्या दारात कारखान्याची जाळीची खिडकी आलीय, आत कोणी नाही. ठकू पान कापते, तंबाखू भरते, वळते, दोरा बांधते. सुपात काहीच पडत नाही.

"मोजा."

मी मोजतो. विसाव्या बिडीला तिची बोटं थांबतात. लुगड्याखाली भरलेलं पोट आहे, ते दगडासारखं होतं.

"पाठीतून निघते, पुढे येते, आवळते, सोडते," ती म्हणते. "गॅस असा वेळ पाळून येतो होय?"

पुन्हा वळते. आता सोळाव्याला थांबते. मग बाराव्याला.

"जरा चाल," मी म्हणतो. "बरं वाटेल."

"चालून थांबली तर खोटी कळ. ही थांबत नाही."

चालतोच आहोत आम्ही. बाजार मागे पडतो, सगळी दुकानं उघडी आणि माणूस एक नाही. पुढे तीच गाडीवाट, आमच्या पहिल्या लेकीच्या वेळची.

"तेव्हाही आठवाच होता," ठकू वर न बघता म्हणते. "मी कंबर धरून बसले, आणि तुम्ही वाघ सायकलवर बसल्याची गोष्ट लावलीत. म्हणालात, अजून महिना आहे."

माझे पाय मातीत रुततात. ती लेक गाडीतच झाली. रडली नाही.

"लाल, चिकट डाग दिसला होता मला. लाजेनं बोलले नाही. पोरीला विचारा."

"मी आजा. मी कसं विचारू?"

"लाज उद्या लाजा."

आणि ती पुन्हा खाटेच्या पायथ्याशी बसलेली. तिच्याखालून पाणी येतं, कोमट, माझ्या तळपायांपर्यंत.

"पाणमोट फुटेस्तोवर बसलात तेव्हा. आज बसू नका. उठा!"

ताडकन उठतो. ऊन आहे. सारिका आहे.

"पोरी, कळ येईस्तोवर वळत राहा. मी मोजतो."

"दादा, आता गोष्ट नको हं."

"गोष्ट नाही. वळ."

अकराव्या बिडीला ती ओठ चावते. सूप मांडीवरून घसरतं.

"बसल्यावर थांबतं का? फिरल्यावर?"

"नाही. सकाळपासून असंच."

"डाग?"

ती जमिनीकडे बघते. होकाराची मान हलवते.

मी अनवाणी रस्त्यात जाऊन ओरडतो. माझी हाक कोणी खरी मानेल का, हीच भीती. पण समोरचा रिक्षावाला माझं तोंड बघतो आणि काही न विचारता रिक्षा दारात लावतो.

"महिना बाकी आहे दादा," सारिका माझा हात धरून म्हणते. "डॉक्टर हसतील."

"हसू देत. हसून परत पाठवलं तर पेढे वाटीन."

तिला अंगावर घ्यायला म्हणून खाटेवरची गोधडी ओढतो आणि हात ओला होतो. ती माझ्या धोतराकडे बघते. तशातही म्हणते, "अहो दादा, एवढे घाबरलात?"

धोतर चाचपतो. कोरडं ठणठणीत. तिचा गाऊनही कोरडा. फक्त गोधडीचा पायथा भिजलाय, ठकू बसली होती तिथे. अजून कोमट आहे.