गावाचं साठ वर्षांचं पोर

तोइहिरबद्दल कुणी विचारलं की मी आधी खेळाचं सांगत नाही. तो आमच्या कोमोरोसच्या मोठ्या बेटावरचा एक नंबरचा फुटबॉल खेळाडू होता, पुढे चार वर्षं देशाच्या संघाचा प्रशिक्षक होता, हे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. मी सांगतो की साठी उलटली तरी तो गावच्या चौकात खालच्या पायरीवर, माझ्या शेजारी, मिसरूड न फुटलेल्या पोरांत बसायचा. आम्हा दोघांचंही मोठं लग्न झालेलं नाही ना!

बायका आहेत, नातवंडं आहेत. पण ज्याने बैल कापून सगळा गाव जेवू घातला नाही, बायकोला सोन्याने मढवलं नाही, तो आमच्याकडे मरेपर्यंत गावाचं पोर. पोराने चौकात तोंड उघडायचं नाही आणि मोठे सांगतील ते काम करायचं. मी गोलकीपर माणूस, गप्प उभं राहायची सवय आहे. तोइहिरने मात्र तीनदा मोठं लग्न ठरवलं आणि तिन्ही वेळा फुटबॉल आडवा आला. एकदा मादागास्करचा दौरा, एकदा देशाच्या संघाचं बोलावणं. तिसऱ्यांदा तर लग्नाचे बैल दारात बांधलेले होते. ते विकून त्याने नसूफला फ्रान्समध्ये मार्सेलला पाठवलं, तिथल्या क्लबने खेळ बघावा म्हणून.

नसूफ आमच्याच गल्लीतला. तोइहिरने ज्वालामुखीचे काळे दगड पहारीने फोडून अकरा वर्षांत जे मैदान केलं, त्याच्यावरच तो अनवाणी खेळायला शिकला. मार्सेलला त्याचं नशीब उघडलं. देशाच्या संघात तोइहिरने त्याला कप्तान केलं, तेव्हा लोक म्हणाले, आपल्या गल्लीतला म्हणून केलं. तोइहिरने ऐकून घेतलं.

गेल्या जुलैत नसूफने मोठं लग्न केलं. नऊ दिवस गाव जेवत होता. अंगावर जरीचा झगा चढला आणि तिशीतला नसूफ चौकात वरच्या बाकावर जाऊन बसला.

त्याच महिन्यात कुणकुण लागली की मोठ्यांचा मैदानावर डोळा आहे. मी घाबरलो, तोइहिर नाही. नसूफ त्याच्या घरी येऊन नारळाच्या दुधातली पाल्याची भाजी, मताबा, चापून गेला होता. बोटं चाटत म्हणाला होता, "फुंदी, काळजी कसली करताय? तुम्हाला बोलता येत नाही, मला येतं ना? तुमच्या वतीने मी बोलतो." आमच्याकडे गुरूला फुंदी म्हणतात.

शुक्रवारच्या नमाजानंतर चौक भरला. वयाने सगळ्यांत मोठे म्झे म्बाए यांनी मैदानाचा विषय काढला आणि नसूफ उठला. मी तोइहिरला कोपराने ढोसलं. "बघ, तुझा वाघ उठला."

"माझ्या लग्नात पाहुणे उन्हात करपले," नसूफ म्हणाला. "गावाला लग्नाचा हॉल हवा. मैदानाची जागा द्या, हॉल मी बांधून देतो."

वरचे बाक खूश झाले. तोइहिर उभा राहिला. का, ते त्यालाही कळलं नसेल. "नसूफ, अरे, तू तर मला..."

नसूफने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बस खाली, पोरा. मोठी माणसं बोलतायत."

केसाने गळा कापतात तो असा. ज्याच्या बैलांवर हा समुद्रापार गेला, त्यालाच पोरा? मला त्याचा झगा टराटरा फाडावासा वाटला. पण मीही जागचा हललो नाही, हे कबूल करतो. तोइहिर बसला. म्झे म्बाए म्हणाले, "रविवारी गावच्या पोरांनी पहारी घेऊन या. गोलचे खांब काढायचे आहेत."

रविवारी मी मुद्दाम उशिरा गेलो. तोइहिर सगळ्यांच्या आधी येऊन पहार मारत होता. एक खांब आडवा झाला होता. अंगातला बनियन घामाने चिंब.

"तू कशाला आलास रे?" मी ओरडलो. "आजारी आहे म्हणायचं!"

"काम सांगितलंय. न येऊन कसं चालेल?"

तेवढ्यात नसूफ आला, झग्यात, डोक्यावर दुसऱ्याने धरलेली छत्री. तोइहिरला बघून त्याचा चेहरा पडला. "फुंदी, ठेवा ती पहार. तुम्ही नाही करायचं हे. चौकात तसं बोलावं लागतं, तुम्हाला माहीत आहे." तोइहिर पहार मारतच राहिला, तसा घाईने म्हणाला, "हॉलला तुमचं नाव देणार आहे मी. दारावर, मोठ्या अक्षरांत."

तोइहिरने पहार टेकवली. आवाज चढवला नाही. सरावाच्या वेळी एखाद्याला त्याची जागा समजावून सांगायचा, तसंच विचारलं, "आणि आत मला कुठे बसवशील?"

छत्रीवाला नसूफच्या तोंडाकडे बघत राहिला. तोइहिर वळला आणि दुसऱ्या खांबाच्या बुडाशी पहार घातली. मीही माझी उचलली.