ज्या गावाने आईला हाकललं, तिथे आज नाचले

मित्रांनो, घरी येऊन दोन तास झाले तरी झोप येत नाही, म्हणून लिहिते आहे.

मी रेला हा गडचिरोलीकडचा फेराचा नाच करते आणि त्यात आईकडून शिकलेली भातरोवणीची गाणी गाते. आज कार्यक्रम चामोर्शीजवळच्या एका गावात होता. मी नऊ वर्षांची असताना याच गावाने माझ्या आईला जादूटोणा करते म्हणून हाकललं होतं. हे आयोजकांना माहीत नव्हतं.

शेवटच्या गाण्यात मी आईचं नाव घेतलं. हाकललं त्या दिवशी आम्ही मायलेकींनी मदतीसाठी कोणाकोणाची दारं ठोठावली, तेही गायले. ढोलवाल्याचा हात थांबला. मागून एक माणूस म्हणाला, "बंद कर. काऊन जुनं उकरून राह्यली?"

मी गातच राहिले.

तेवढ्यात आमची तेव्हाची शेजारीण, लक्ष्मीबाई, उठून समोर आली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी घरातच होती. तुह्या मायचा आवाज आला मले. पन दार उघडलं नाई."

मी हात पुढे केला. तिने तो घट्ट धरला. आणखी तीन बाया आल्या आणि आम्ही एक फेरा नाचलो. बाकीचं गाव बसूनच होतं.

आईला फोन करून सांगितलं. तिने लक्ष्मीबाईचं बोलणं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "उद्या मले तिच्याकडे घेऊन चाल."

माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर आईला नेलं असतं का?