उजनीत पांढरी थाळी सोडली तेव्हा

सलीमभाईंचा फोन आला तेव्हा मी चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये टॉवेलांचे रंग तपासत होते. घाटावर जेट्टीचं काम सुरू झालंय, खासगी नावा ठेवायच्या नाहीत म्हणतायत, महिनाभरात तुमची उचला, एवढंच त्यांनी सांगितलं. सलीमभाई उजनीच्या काठावर मासेमारी करतात, आणि आमची नाव गेली अकरा वर्षं त्यांच्या दारातल्या बाभळीखाली पालथी पडलेली असते.

ही नाव अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः बांधलेली. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी प्लायवूड आणि फायबर आणून बारा फुटांचं हे प्रकरण उभं केलं. इंजिन नाही, जाळं नाही, नुसती वल्ही. रविवारी जायचं, दोन तास वल्हवायचं आणि हात भरून आले की परतायचं, ही आमची चैन. अप्पांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मधली दोन वर्षं मात्र जाणं जमलं नव्हतं. नाव घरी आणायचा विषय काढला तर अप्पा उखडले. "नाव पोर्चमधी ठिवायला बांधली न्हाय मी." मग ठरलं, आधी जाऊन बघू, कुणाशी तरी बोलू. खरं सांगते, मी मनातून खूश होते. नाव ठेवू दिली, तर पक्क्या जेट्टीवरून चिखलात पाय न घालता नावेत बसता येणार!

पहाटे सहाला सोलापूर सोडलं. मोहोळपर्यंत रस्ता लोण्यासारखा, पुढे ट्रकांच्या रांगा. टेंभुर्णीला चहा प्यायलो आणि उजवीकडे करमाळ्याच्या रस्त्याला लागलो. जेऊरच्या अलीकडे डावीकडे वळलं की शेवटचे काही किलोमीटर उसाच्या ट्रॉल्यांनी उखडून ठेवलेत, तिथे गाडी जपून चालवा. भाकरी, शेंगाचटणी आणि पिण्याचं पाणी घरून न्या. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, सलीमभाईंना उगाच ताप नको.

घाटावर मोठा फलक लागला होता. त्यावर निळंशार पाणी, पांढऱ्या बोटी, रंगीत छत्र्या. फलकामागे नव्या सिमेंटच्या पायऱ्या, आणि खालच्या पायरीला लागून हिरवंगार मॅट अंथरलेलं. उद्घाटनाची तयारी दिसतेय, असं मी अप्पांना म्हटलं आणि पाय टाकला. तो थेट गुडघ्यापर्यंत आत गेला. मॅट नव्हतंच ते. पाणी होतं, वर शेवाळाची जाड साय आलेली. पाय बाहेर काढला तर रंग लावल्यासारखा हिरवा, आणि असा वास की मी नाक दाबून धरलं. दिवसभर रंगच बघणारी बाई मी, पण आमच्या शेडकार्डात असला हिरवा नाही. मी तशीच एका पायावर उभी राहिले. अप्पा हसतील असं वाटलं होतं, पण ते हसले नाहीत.

सलीमभाई पाण्याची बादली घेऊन आले. पाय धुताना कळलं, हल्ली तेही पाण्यात उतरले की अंगाला खाज सुटते. लहानपणी नाव लोटायच्या आधी याच पाण्याची ओंजळ प्यायचे, आता बाटली बरोबर नेतात.

कामावरचा सुपरवायझर भला माणूस होता. त्याने नकाशा उघडून सगळं दाखवलं: पार्किंग, हॉटेल, सेल्फी पॉइंट, स्वच्छतागृहं. स्वच्छतागृहांपासून निघालेली रेघ थेट पाण्यापर्यंत गेली होती. हा पाइप कुठे सोडणार, मी विचारलं.

"पाण्यातच की," तो म्हणाला. "एवढं मोठं धरण हाय मॅडम, कळत बी न्हाय."

लाज नाही, लपवाछपवी नाही, अगदी सहज.

अप्पांनी नाव सुलटी करायला लावली. नावेत त्यांची तामचिनीची पांढरी थाळी असते, दोरीला बांधलेली, आणि दोरीला हातहाताच्या अंतरावर गाठी. दरवर्षी ती पाण्यात सोडायची, कितव्या गाठीपर्यंत थाळी दिसते ते बघायचं आणि आकडा नावेच्या आतल्या फळीवर रंगवायचा. पहिला आकडा पाच. शेवटचा तीन.

आम्ही शेवाळ कापत थोडं आत गेलो. अप्पांनी थाळी सोडली. पहिली गाठ अजून त्यांच्या बोटांतच होती आणि थाळी दिसेनाशी झाली. त्यांनी ती वर ओढली, पुसली, पुन्हा सोडली. तिसऱ्यांदासुद्धा. मग दोरी गुंडाळली आणि काठाकडे बघून हाक दिली, "सलीम, टेम्पो बोलाव."

मी हादरले ती खरी तेव्हा. घरी ज्यांनी नाव आणायचा विषय काढू दिला नव्हता, तेच अप्पा ती घरी न्यायला टेम्पो मागवत होते. सलीमभाईंनी जेवायचा फार आग्रह केला. दरवेळी दोन चिलापी मासे जास्त मागून घेणारी मी, त्या दिवशी एकालाही हात लावला नाही. भाकरी-चटणी खाल्ली आणि त्यांच्याकडे बघायचं टाळलं, कारण त्यांना टेम्पो बोलावून कुठेच जाता येणार नव्हतं.

नाव आता आमच्या पोर्चमध्ये आहे. स्कूटर बाहेर लावते. वल्ही घासून निघाली, नावेच्या पोटावरची हिरवी रेघ काही जात नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीचा पाण्याचा दिवस होता. नळ आला, हौद भरला, आणि बघते तर अप्पा हौदाशी वाकून थाळी सोडतायत. थाळी तळाला टेकली तरी स्वच्छ दिसत होती. मला हायसं वाटलं. शुद्ध करूनच येतं अप्पा, मी म्हटलं.

"कुठनं येतं?"

सोलापुरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. उजनीतून येतं.

"नाव उचलून आणली आपण," अप्पा म्हणाले. "पाणी मागनं आलंच की."

त्यांनी थाळी पुसली, दोरी गुंडाळून नावेत ठेवली. फळीवर तीनच्या पुढे शून्य काढलं आणि शून्याच्या पुढे, मी मुद्दाम बघितलं, बरीच जागा मोकळी सोडली.

"त्या टेम्पोवाल्याचा नंबर ठिवलायस का?" त्यांनी विचारलं. "उजनीला परत यायला कधी मोकळा हाय, इचार."